मुरघासाचे झाकण : हगेवूच्या मातीपासून एरंडाच्या फिल्मपर्यंत

बेंगळुरूचा अडुगोडी हा भाग आज वाहनांच्या गर्दीसाठी ओळखला जातो. याच भागात पशुविज्ञानाच्या दोन संस्था शेजारी शेजारी उभ्या आहेत. पहिली जुनी आहे. १९२३ साली तेथे इम्पीरियल इन्स्टिट्यूट ऑफ अ‍ॅनिमल हजबंडरी अँड डेअरिंग ही संस्था स्थापन झाली. विल्यम स्मिथ हे त्या काळी सरकारचे दुग्धतज्ज्ञ होते. १९२७ च्या उन्हाळ्यात महात्मा गांधी प्रकृतीच्या कारणाने नंदी टेकडीवर आणि नंतर बेंगळुरूत विश्रांतीसाठी होते. त्या मुक्कामात त्यांनी या संस्थेत जाऊन गोपालनाचे धडे घेतले. पुढे वर्गीस कुरियन यांनाही अमेरिकेला जाण्यापूर्वी काही महिने येथेच प्रशिक्षणासाठी पाठवण्यात आले होते. १९५५ मध्ये संस्थेचे मुख्यालय हरियाणातील कर्नालला गेले आणि ती राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्था झाली. बेंगळुरूत तिचे दक्षिण विभागीय केंद्र राहिले. दुसरी संस्था १९९५ मधील आहे : राष्ट्रीय पशुपोषण व शरीरक्रिया विज्ञान संस्था.

या दोन्ही संस्थांच्या कामामागे एक प्रश्न सतत उभा राहिला आहे. पावसाळ्यात चारा मुबलक असतो आणि उन्हाळ्यात गव्हाण रिकामी असते. मग आषाढ-श्रावणातला हिरवेपणा चैत्र-वैशाखापर्यंत टिकवायचा कसा? झाशीच्या भारतीय गवत व चारा संशोधन संस्थेने आपल्या ‘व्हिजन २०५०’ या दस्तऐवजात देशातील हिरव्या चाऱ्याची तूट ३५.६ टक्के, कोरड्या चाऱ्याची १०.९५ टक्के आणि पशुखाद्याची ४४ टक्के असल्याचे नमूद केले होते. या तुटीवरचा एक जुना आणि खात्रीचा उपाय म्हणजे मुरघास. मुरघासाचे यश मात्र एका साध्या गोष्टीवर अवलंबून असते, ती म्हणजे त्याचे झाकण. गेल्या दीडशे वर्षांत हे झाकण मातीचे होते, मग प्लास्टिकचे झाले. आणि आता ते पुन्हा मातीत मिसळणारे कसे करता येईल, याचा शोध जगभर सुरू आहे. बेंगळुरूतील एका प्रयोगशाळेत तयार झालेल्या पदार्थामुळे या शोधाला आपल्याकडेही एक वाट दिसू लागली आहे.

हवा बंद करून अन्न टिकवण्याची कल्पना या भूभागाला नवी नाही. जुन्या म्हैसूर संस्थानातील शेतकरी नाचणी जमिनीखालच्या खड्ड्यात साठवत. या खड्ड्याला कन्नडमध्ये ‘हगेवू’ म्हणतात. महाराष्ट्रात अशाच खड्ड्याला ‘पेव’ हे नाव होते. खड्ड्याच्या कडांना कडबा किंवा पेंढा लावायचा, धान्य भरायचे आणि तोंड मातीने लिंपून टाकायचे, अशी ही रीत होती. आत कोंडलेल्या हवेतील प्राणवायू धान्याच्या आणि किडींच्या श्वसनात संपत जातो, कार्बन डायऑक्साइड साचतो आणि कीड गुदमरते. म्हणूनच पेव उघडल्यावर लगेच आत उतरायचे नाही, वारा खेळू द्यायचा, हा दंडक होता. पेवे गेली, पण ‘पेव फुटणे’ हा वाक्प्रचार भाषेत मागे राहिला.

धान्य कोरडे असते. हिरवी वैरण ओली असते आणि ओल्या वस्तूवर सूक्ष्मजीव तुटून पडतात. मुरघासात त्यांना हाकलून लावत नाहीत. त्यांतल्या हव्या त्या सूक्ष्मजीवांच्या हाती कारभार सोपवतात. चिकात आलेला मका कापून त्याची दोन-तीन सेंटीमीटरची कुट्टी करतात. तिच्यात साधारण ६५ ते ७० टक्के ओलावा असावा लागतो. ती थराथराने दाबून तिच्यातली हवा काढतात आणि वरून बंद करतात. उरलेला प्राणवायू काही तासांत संपतो. मग लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू वाढतात. दुधाचे दही करणाऱ्या जिवाणूंचेच हे नातलग. ते वनस्पतीतील शर्करेचे आम्ल करतात, सामू सुमारे ४ पर्यंत उतरतो आणि त्या आंबटपणात कुजवणारे इतर जीव तग धरू शकत नाहीत. सहा-सात आठवड्यांत चारा मुरतो, लोणचे मुरावे तसा. झाकण शाबूत असेल तर तो पुढे कित्येक महिने टिकतो.

झाकणाला भोक पडले की हा सारा तोल बिघडतो. आत शिरलेल्या हवेवर यीस्ट आणि बुरशी वाढतात, आम्ल खाल्ले जाते, ढीग तापतो, वरचा थर काळा पडून वाया जातो. नुकसान तेवढ्यावर थांबत नाही. काही बुरशी अफ्लाटॉक्सिनसारखी विषे तयार करतात. गाईने ती खाल्ली तर त्यांचा अंश दुधात उतरतो. मुरघासाच्या झाकणाचा संबंध अशा रीतीने गोठ्यापासून थेट शहरातल्या दुधाच्या पिशवीपर्यंत पोहोचतो.

आधुनिक मुरघासाच्या इतिहासात ओग्युस्त गोफार या फ्रेंच शेतकऱ्याचे नाव अग्रभागी येते. सोलोन्य प्रांतातील आपल्या शेतावर त्याने १८५० च्या दशकापासून हिरवा चारा साठवण्याचे प्रयोग केले आणि १८७७ मध्ये मका व इतर चाऱ्यांच्या साठवणीवरचे आपले पुस्तक प्रसिद्ध केले. ते लवकरच अटलांटिक ओलांडून अमेरिकेत पोहोचले आणि तेथील शेतांवर मुरघासाचे खड्डे व मनोरे उभे राहू लागले. त्या काळचे झाकण म्हणजे पेंढा, फळ्या, माती आणि वर ठेवलेले दगड. पुढे फिनलंडच्या आर्टुरी व्हिर्टानेन यांनी चाऱ्यात सुरुवातीलाच आम्ल मिसळून सामू खाली आणण्याची पद्धत शोधली. १९४५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना कृषी व पोषण रसायनशास्त्रातील संशोधनासाठी, विशेषतः या चारा-साठवण पद्धतीसाठी मिळाले. वैरणीच्या प्रश्नाला नोबेल मिळाल्याचे हे ठळक उदाहरण आहे.

भारतात संघटित दुग्धव्यवसायाची सुरुवात लष्करी छावण्यांभोवती झाली. १८८९ मध्ये अलाहाबाद येथे पहिले लष्करी फार्म सुरू झाले. अशा मोठ्या फार्मवर आणि बेंगळुरूसारख्या संस्थांत मोठे खड्डे, मजूर आणि शेकडो जनावरे असत, त्यामुळे मुरघास तेथे शक्य होता. सामान्य शेतकऱ्याच्या दावणीला मात्र दोन-तीन जनावरे. त्याने खड्डा खणला, भरला, वर पेंढा व शेणमातीचा लेप दिला, तरी लेपाला भेगा पडत आणि वरचा थर सडे. एकदा खड्डा उघडला की रोज पुरेसा थर काढावा लागतो. जनावरे थोडी असली की थर हळूहळू निघतो आणि तेवढ्या वेळात हवा आपले काम करून जाते. मुरघासाचे फायदे कृषी अधिकारी सांगत राहिले आणि शेतकरी कडब्याच्या गंजी रचत राहिला, यात शेतकऱ्याचे अज्ञान नव्हते. त्याच्या गोठ्याच्या मापाचे झाकणच उपलब्ध नव्हते.

ते झाकण एका अपघातातून आले. २७ मार्च १९३३ रोजी इंग्लंडमधील इम्पीरियल केमिकल इंडस्ट्रीज या कंपनीच्या प्रयोगशाळेत एरिक फॉसेट आणि रेजिनाल्ड गिब्सन यांना उच्च दाबाखालच्या प्रयोगानंतर पात्रात मेणासारखा पांढरा पदार्थ दिसला. तो पॉलिथिलीन होता. दुसऱ्या महायुद्धात तो रडारच्या तारांवर आवरण म्हणून वापरला गेला आणि युद्धानंतर पातळ फिल्मच्या रूपात शेतावर आला. भारतात त्याचे उत्पादन १९५९ मध्ये बंगालमधील रिश्रा येथे सुरू झाले. पाश्चात्त्य देशांत मुरघासाचे प्रचंड ढीग काळ्या प्लास्टिकखाली आणि जुन्या टायरांच्या वजनाखाली झाकले जाऊ लागले. नंतर गवताच्या गाठींना ताणून गुंडाळायची पातळ फिल्म आली.

महाराष्ट्र आणि कर्नाटकातील लहान शेतकऱ्याच्या दृष्टीने खरा बदल घडवला तो मुरघासाच्या पिशवीने. आत प्लास्टिकचे अस्तर असलेली ही पिशवी पाचशे किलोपासून टनभरापर्यंत चारा सामावते. खड्डा नको, सिमेंटचा हौद नको. दोन गाईंचा मालकही कुट्टी यंत्र भाड्याने आणून चार पिशव्या भरून ठेवू शकतो. एक पिशवी उघडली तरी बाकीच्या बंद राहतात. कोल्हापुरात विकसित झालेल्या ‘आफ्रिकन टॉल’ या चाऱ्याच्या मक्याने या पद्धतीला भरघोस कच्चा माल दिला. २०१२-१३ आणि २०१८-१९ च्या दुष्काळांत मराठवाडा व पश्चिम महाराष्ट्रात चारा छावण्या उघडाव्या लागल्या होत्या. गुरे छावणीत नेऊन बांधण्याची वेळ ज्याने अनुभवली आहे, त्याला भरलेल्या पिशव्यांची रांग म्हणजे काय, हे वेगळे सांगावे लागत नाही. प्लास्टिकने या शेतकऱ्याला दिलेली निश्चिंती खरी आहे. पर्यायाचा विचार तिची किंमत ओळखूनच करावा लागतो.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. चारा संपतो, अस्तर उरते. ते फाटलेले, आंबट रसाने माखलेले, मातीने भरलेले असते. स्वच्छ, एकाच प्रकारचे प्लास्टिक भंगारवाला घेतो; असे मळके अस्तर त्याला परवडत नाही. प्राणवायू अधिक चांगला अडवण्यासाठी काही फिल्ममध्ये वेगवेगळ्या बहुवारिकांचे थर एकत्र केलेले असतात. त्यांचे पुनर्चक्रीकरण आणखी कठीण असते. मग ते बांधावर जाळले जाते किंवा उकिरड्यात जाते आणि शेणखताबरोबर तुकड्या-तुकड्यांनी शेतात पसरते. काही तुकडे जनावरांच्या पोटात जातात. गाईच्या पहिल्या पोटात प्लास्टिक पचत नाही आणि सहसा पुढेही सरकत नाही; तेथे त्याचा गोळा होतो. मोकाट गुरांच्या पोटातील प्लास्टिकचा प्रश्न २०१२ मध्ये आंध्र प्रदेशातील करुणा सोसायटी या संस्थेने सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला होता. चारा वाचवणाऱ्या वस्तूनेच चारा खाणाऱ्याचा जीव धोक्यात यावा, ही विसंगती त्या प्रश्नाच्या मुळाशी आहे.

कायद्यांनी प्लास्टिकवर बंधने आणली. कर्नाटकाने मार्च २०१६ मध्ये पिशव्या, फलक, ताटे-पेले अशा वस्तूंवर बंदी घातली. महाराष्ट्राची अधिसूचना २३ मार्च २०१८ ची. केंद्र सरकारची एकदाच वापरायच्या ठरावीक वस्तूंवरील बंदी १ जुलै २०२२ पासून लागू झाली. कानकोरण्याच्या काड्या, स्ट्रॉ, थर्माकोलची सजावट, मिठाईच्या डब्यावरची फिल्म या वस्तू तिच्या यादीत आहेत. मुरघासाचे आवरण नाही. ते नसणे समजण्यासारखे आहे, कारण त्याच्या जागी शेतकऱ्याला देण्यासारखे काही हाताशी नव्हते. पर्यायाशिवाय बंदी घातली असती तर तिचा भार थेट गोठ्यावर पडला असता.

पर्याय शोधणे अवघड का आहे, याचे उत्तर मुरघासाच्या स्वभावातच आहे. विघटनशील फिल्म म्हणजे जी सूक्ष्मजीव खाऊ शकतात अशी फिल्म. मुरघास म्हणजे कोट्यवधी सूक्ष्मजीवांची वस्ती, तीही ओली, आंबट आणि सुरुवातीला उबदार. या वस्तीवर सहा-आठ महिने अभेद्य राहायचे आणि काम संपताच त्याच सूक्ष्मजीवांपुढे शरणागती पत्करायची, अशा दोन परस्परविरोधी अपेक्षा एकाच पदार्थाकडून असतात. वरून ऊन आणि पाऊस, बाजूने उंदीर आणि कावळे, हे निराळेच.

उमेदवार पदार्थ बरेच आहेत. १९२६ मध्ये फ्रान्सच्या पाश्चर संस्थेतील मॉरिस लेमॉन्य यांनी जिवाणू आपल्या पेशीत साठवून ठेवत असलेले एक पॉलिएस्टर ओळखले. त्याच्या कुळातील पदार्थ मातीत सहज विघटित होतात, पण महाग पडतात. पॉलिलॅक्टिक आम्ल हा दुसरा पदार्थ. त्याची वीट म्हणजे लॅक्टिक आम्ल, म्हणजे मुरघास टिकवणारे तेच आम्ल. मात्र त्याची फिल्म ठिसूळ असते आणि पूर्ण विघटनासाठी तिला औद्योगिक खतनिर्मितीत असते तशी सुमारे ५८ अंश सेल्सियसची ऊब लागते. बांधावर ती वर्षानुवर्षे पडून राहू शकते. पीबीएटी हे लवचीक पॉलिएस्टर चांगले ताणले जाते, पण पॉलिथिलीनच्या तुलनेत पाण्याची वाफ जास्त सोडते. स्टार्चची फिल्म कोरडी असताना प्राणवायू उत्तम अडवते. ओली झाली की तिचा हा गुण ओसरतो. म्हणून संशोधक यांची मिश्रणे करतात.

या दिशेचे प्रयोग कधी गमतीदार वाटावेत असे होते. कॅनडात फिलिप साव्वा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये मुरघासाचे आवरण म्हणून चक्क सफरचंदाचा चोथा आणि शेंगदाण्याचे लोणी यांची चाचणी प्रसिद्ध केली. झाकणच खाता आले तर कचरा उरणार नाही, हा त्यामागचा सरळ विचार. इटलीतील ट्युरिन विद्यापीठाचे जॉर्जो बोरेआनी आणि एर्नेस्तो ताबाक्को यांनी २०१५ मध्ये मक्याच्या मुरघासावर जैवाधारित विघटनशील फिल्म आणि नेहमीचे पॉलिथिलीन यांची तुलना प्रसिद्ध केली. काही महिन्यांच्या साठवणीपुरता तिचा निष्कर्ष आशादायक होता. असे आवरण तयार होऊ शकते, हे तिने दाखवले. ते शेतकऱ्याला परवडेल का, हा प्रश्न शिल्लक राहिला.

बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील बातमी या पार्श्वभूमीवर वाचावी लागते. तेथील पदार्थ अभियांत्रिकी विभागात सूर्यसारथी बोस यांच्या गटाने २०२२ मध्ये एकदाच वापरायच्या प्लास्टिकला पर्याय ठरू शकेल असे बहुवारिक जाहीर केले. त्याचे दोन मुख्य घटक आपल्या शेतीतलेच आहेत : एरंडाचे अखाद्य तेल आणि पिकांच्या अवशेषांतून मिळणारे सेल्युलोज. एरंडेल तेलातील मुख्य मेदाम्लावर हायड्रॉक्सिल गट असतात. सेल्युलोजवरही तसेच गट असतात. डाय-आयसोसायनेट नावाचे संयुग या दोघांना हातात हात द्यावेत तसे सांधते. घटकांचे प्रमाण बदलून फिल्म कडक किंवा लवचीक करता येते. तिच्यापासून बनवलेल्या पिशवीतून द्रव गळत नाही आणि ती विघटनशील आहे, असे संशोधकांनी सांगितले. एरंडाच्या उत्पादनात भारत जगात पहिला आहे आणि पिकांच्या अवशेषांची आपल्याकडे इतकी रेलचेल आहे की ते जाळण्यावरून दरवर्षी वाद होतात. कच्च्या मालाच्या दृष्टीने हे बहुवारिक या मातीतलेच म्हणता येईल.

हे संशोधन पिशव्या व वेष्टने डोळ्यांपुढे ठेवून झाले. मुरघासाचे आवरण हे त्याचे घोषित उद्दिष्ट नव्हते. तेथवर पोहोचण्यासाठी त्याला वेगळ्या परीक्षा द्याव्या लागतील. द्रव न गळणे वेगळे आणि प्राणवायू अडवणे वेगळे. सामू ४ असलेल्या ओल्या चाऱ्याला महिनोन्‌महिने चिकटून राहिल्यावर त्याची ताकद किती उरते? दख्खनच्या उन्हात त्याला भेगा पडतात का? आणि भारतीय गोठ्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा प्रश्न असा की, गाईने त्याचा तुकडा खाल्ला तर पोटात काय होते? एरंडाच्या बियांतील रिसिन हे विष प्रथिन आहे आणि ते तेलात उतरत नाही. तरी सांधणाऱ्या संयुगाचा अंश उरतो का, हे तपासल्याशिवाय कोणतीही फिल्म वैरणीला लावता येणार नाही. बेंगळुरूची जमेची बाजू अशी की, बहुवारिक घडवणारी प्रयोगशाळा आणि जनावराच्या पोटातील पचन अभ्यासणारी अडुगोडीची संस्था एकाच शहरात आहेत.

‘विघटनशील’ हा शब्दही तपासून घ्यावा लागतो. एके काळी साध्या प्लास्टिकमध्ये धातूंचे क्षार मिसळून ते उन्हात लवकर तुकडे होईल असे केले जाई आणि विघटनशील म्हणून विकले जाई. तुकडे लहान झाले, पण नाहीसे झाले नाहीत. युरोपीय संघाने २०१९ च्या निर्देशाने अशा प्लास्टिकच्या वस्तूंवर बंदी घातली. भारताच्या मार्च २०२४ मधील सुधारित नियमांनीही विघटनशील प्लास्टिकने सूक्ष्मप्लास्टिक मागे ठेवता कामा नये, असे व्याख्येतच नमूद केले. शेतात पसरायच्या आच्छादन फिल्मसाठी युरोपात २०१८ पासून स्वतंत्र मानक आहे : मातीत दोन वर्षांच्या आत ९० टक्के विघटन. आच्छादन फिल्म पहिल्या दिवसापासून मातीवर पडून असते. मुरघासाचे आवरण मात्र आधी टिकायचे आणि मग विरायचे असते. त्यामुळे एकाचे मानक दुसऱ्याला जसेच्या तसे लावता येत नाही. असे मानक नसेल तर दुकानातील ‘पर्यावरणपूरक’ पिशवी खरी कोणती आणि खोटी कोणती, हे शेतकऱ्याने ओळखायचे कसे?

शेवटी हिशेब येतो. प्लास्टिकचे अस्तर स्वस्त आहे, कारण त्याच्या विल्हेवाटीचा खर्च त्याच्या किमतीत धरलेला नाही. तो बांध, विहीर आणि गाईचे पोट भरतात. विघटनशील आवरण महाग दिसेल, कारण त्यात तो खर्च आधीच धरलेला असेल. हा फरक एकट्या दूध उत्पादकाने सोसावा, अशी अपेक्षा ठेवली तर कितीही उत्तम संशोधन प्रयोगशाळेतच राहील. तोवर करण्यासारखेही काही आहे : जाड अस्तर जपून दुसऱ्या हंगामाला वापरणे, रिकामी अस्तरे धुऊन गावाच्या दूध संकलन केंद्रावर एकत्र गोळा करणे. दूध रोज तेथे जातेच; अस्तरही त्याच वाटेने परत जाऊ शकते.

हगेवूवरची माती उचलली की ती पुन्हा शेतात पडत असे. तिची विल्हेवाट लावण्याचा प्रश्न कधी कुणापुढे आला नाही, कारण ती मुळात शेतातलीच होती. तिच्यात भेगा पडत, हा तिचा दोष. प्लास्टिकने तो दोष दूर केला आणि तिचा गुण गमावला. एरंडाचे तेल आणि काडी-कचऱ्यातील सेल्युलोज यांची फिल्म उद्या मक्याच्या कुट्टीवर टिकली, तर भेग न पडणारे आणि तरीही शेतात परत जाणारे झाकण शेतकऱ्याच्या हाती येईल. त्याची कसोटी वैशाखातल्या दुपारी, पिशवीचे तोंड सोडल्यावर येणाऱ्या वासाने लागेल. वास आंबटगोड आला आणि गाईने गव्हाणीत तोंड घातले, तर झाकण पास झाले असे समजावे.